काखेतीत सुटलेली पोत्याची गाठ

जॉर्जियाहून परतल्यापासून दारात येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की, तिथं म्हणे कुठंही तंबू ठोकला तरी कुणी हटकत नाही, खरं का? खरं आहे. नदीकाठच्या गोट्यांवर, डोंगरातल्या देवळाखालच्या गवतात, कुणाच्या अक्रोडाखाली, असे आम्ही दोघं महिन्याच्या वर झोपलो आणि एकदाही कुणी उठवलं नाही. कुत्री तेवढी यायची, कानाला बिल्ला लावलेली, स्वभावानं गरीब. तंबूच्या दाराशी रात्र काढायची आणि सकाळी धपाट्याचा तुकडा घेऊन आपल्या वाटेनं जायची.

मी उदगीरच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई, माहेर देगलूरचं. यजमानांचं मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, अडतीचं दुकान होतं, ते आता पुतण्या बघतो. सगळं उदगीर त्यांना अप्पा म्हणतं, मीही इथं अप्पाच लिहिते. लोकांना साठीनंतर गुडघे आठवतात, आमच्या अप्पांना तंबू आठवला. सुगीत खळ्यावर झोपलेला माणूस तो, त्याला हॉटेलात पाठ टेकवायची म्हणजे उधळपट्टी वाटते. भाड्याची एक जुनाट गाडी, एक तंबू, एक स्टोव्ह, ज्वारीचं पीठ, काळं तिखट आणि शेंगदाण्याची चटणी, एवढ्यावर आम्ही सगळा देश पालथा घातला. बर्फ, दऱ्या, समुद्र यांच्या गोष्टी अप्पा कट्ट्यावर रंगवून सांगतात, त्या त्यांच्याकडूनच ऐकाव्यात. शेवटच्या तीन दिवसांचं मात्र ते कुणाला सांगत नाहीत. ते मी लिहिते.

काझबेगीहून उतरताना

काझबेगी हे बर्फाच्या डोंगराखालचं गाव. तिथून निघायच्या सकाळी ओढ्यावर अंघोळ करताना अप्पांच्या गळ्यातला दोरा तुटला. सुती दोरा, महिनाभर ओला-सुका होऊन कुजलेला. डबी हातात सापडली म्हणून बरं, नाहीतर ओढ्यानं नेली असती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. दीक्षा होते तेव्हा गुरू हातात इष्टलिंग देतात. ते चांदीच्या डबीत ठेवून दोऱ्यानं गळ्यात बांधायचं, पुरुषानंही आणि बाईनंही. सकाळी अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मगच तोंडात घास घालायचा. माणूस गेला की आम्ही त्याला मातीत बसता ठेवतो, तेव्हाही ते त्याच्या हातात असतं. ज्याचं लिंग त्याचं, दुसऱ्याच्या लिंगावर पूजा करत नाहीत. आता सगळेच इतकं पाळतात असं नाही. माझी एक भाची ते कपाटात ठेवते आणि सुखात जेवते. पण अप्पांचं पाळणं म्हणजे सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. लग्नाच्या पंगतीत पूजा राहिली म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूस आहे हा.

तंबूची जादा दोरी होती, निळी, नायलॉनची. अप्पांनी ती हातभर कापली, डबीच्या कड्यांतून ओवली आणि मानेमागं गाठ मारली. मी म्हटलं, ही दोरी सुळसुळीत आहे, आणा इकडं, मी बांधते. चाळीस वर्षं गाठीच मारल्यात, म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण त्या चाळीस वर्षांतल्या गाठी पोत्यांच्या. मोंढ्यात पोत्याचं तोंड बांधतात ते अशा बेतानं, की हमालानं एक टोक ओढलं की गाठ सुटली पाहिजे. सुतळीवर ती घट्ट बसते. अप्पांचे हात न बघता तीच गाठ मारतात, मग पायजम्याची नाडी असो की तंबूचा ताण. नायलॉनवर ती बसत नाही, हे ना त्यांच्या ध्यानात आलं ना माझ्या.

माझं तरी लक्ष कुठं होतं. मी भांडायच्या तयारीत होते. शेवटच्या दोन रात्री राजधानीत, तिबिलिसीत खोली घ्यावी, गरम पाण्यानं न्हावं, गादीवर झोपावं आणि माणसासारखं विमानात बसावं, एवढंच माझं मागणं होतं. अप्पांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही आणि नाक्यावर गाडी सरळ काखेतीकडं वळवली. द्राक्षांची तोड चालू हाय, बघून घेऊ, म्हणे. औशाकडचे द्राक्षमळे यांनी बघितले नव्हते जणू. मी खिडकीकडं तोंड केलं आणि अबोला धरला.

वाटेत एका स्मशानाशी त्यांनी गाडी थांबवली. तिथं प्रत्येक थडग्यावर मेलेल्या माणसाचं चित्र कोरलेलं असतं आणि शेजारी टेबल-बाक असतो. घरची माणसं येऊन तिथं बसून जेवतात. अप्पा बराच वेळ बघत राहिले. हे बी आपल्यावाणीच मातीत ठेवतात, म्हणाले. मी उत्तर दिलं नाही, कारण माझा अबोला चालू होता.

नानूलीचा मळा

काखेती म्हणजे सपाट, रुंद खोरं, आणि पलीकडं आभाळाला टेकलेली बर्फाची रांग. मळ्यांतून माणसं, ट्रॅक्टर, बादल्या, सगळीकडं गडबड. एका फाटकाशी अप्पा उतरले आणि हातवारे करून तंबूची जागा मागू लागले. फाटकात एक म्हातारी होती, काळा झगा, काळा रुमाल, कमरेत ताठ. ती नानूली. तिचा मुलगा झाझा चाळिशीचा, पूर्वी हॉटेलात काम केलेला, म्हणून त्याला इंग्रजी येत होतं. तो म्हणाला, जागा हवी तेवढी घ्या, पण आज या घरात रिकाम्या हातानं कुणी बसत नाही.

अप्पांना आणखी काय पाहिजे होतं. बाह्या वर करून ते ओळीत शिरले. मलाही कात्री मिळाली. इथं तोड म्हणजे मजुरी नव्हे, शेजारीपाजारी एकमेकांच्या मळ्यात जातात, आपल्याकडं पूर्वी इर्जिक करायचे तसं. अप्पा घड तोडत होते, वाकून क्रेट उचलत होते, खांद्यावर घेऊन ट्रॅक्टरपर्यंत नेत होते. मी ओरडले की कंबर धरेल. त्यांना ऐकूच आलं नाही. महिनाभरात इतके खूश मी त्यांना पाहिले नव्हते, आणि माझा अबोला तिथंच सुटला.

दुपारी झाडाखाली लांब टेबल मांडलं. भट्टीतली लांबट रोटी, घेवड्याची लोबियो नावाची उसळ, अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी. आमच्याकडं भरल्या वांग्यात शेंगदाणा, त्यांच्याकडं अक्रोड, बाकी हात तोच. मांस काय, वाइन काय, आम्ही दोन्हीला हात जोडले. नानूलीनं मुलाला काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, तिनं मान डोलावली आणि आमच्यापुढं ताज्या रसाचा तांब्या ठेवला.

संध्याकाळी द्राक्षं एका लांब, डोणीसारख्या लाकडी कोटंब्यात ओतून पाय धुऊन तुडवली. रस, साली, देठ, सगळं तळघरातल्या रांजणात गेलं. हा रांजण माणसापेक्षा उंच आणि गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. तिथं मातीच्या गारव्यात रसाची वाइन होते, घराला वर्षभर पुरेल एवढी. अप्पांनी आत डोकावलं आणि त्यांचा चेहराच खुलला. अगं, हे तर पेव हाय, म्हणाले. त्यांच्या लहानपणी ज्वारी अशीच जमिनीत साठवायचे. मग हातपाय धुऊन, भाकरीबरोबर चटणी खाऊन आम्ही आडवे झालो. दमणूक इतकी होती की कूस बदलायचंही सुचलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी मी स्टोव्हवर पाणी ठेवत होते. अप्पांनी रोजच्यासारखी उठल्या उठल्या साखरेच्या आजाराची गोळी घेतली, नळावर अंघोळ केली, भस्माची वडी काढली, मांडी घातली आणि गळ्याशी हात नेला. मग दुसरा हात नेला. मग बनियन काढून झटकलं. आणि माझ्याकडं बघितलं.

निळी दोरी कालच्या सदऱ्यात कमरेपाशी सापडली. दोन्ही टोकं मोकळी. लिंबाएवढी चांदीची डबी कुठंच नव्हती. तंबू उलटा केला, गाडीच्या सीटा उचलल्या, नळाखालचा चिखल चाळला. झाझा धावत आला. त्याला सांगू तरी काय आणि कसं? मी माझ्या पदराआडची डबी दाखवली आणि म्हटलं, अशीच यांची, ही सापडल्याशिवाय हे जेवत नाहीत. त्यानं शर्टाच्या आतून स्वतःचा क्रूस बाहेर काढला, माझ्याकडं बघितलं, आणि आणखी काही विचारलं नाही. नानूलीनं टेबलावर मांडलेली रोटी फडक्यात गुंडाळून परत आत नेली.

कालचे सगळे शेजारी पुन्हा आले. एकेक ओळ वाटून घेतली आणि बायका-पुरुष गुडघ्यावर बसून पालापाचोळा बाजूला करत पुढं सरकू लागले. परक्या देशातली माणसं, कधी नाव न ऐकलेल्या देवासाठी माती चिवडत होती. अप्पा सगळ्यांच्या पुढं, डोकं खाली घालून. ऊन चढलं तसं मला वेगळंच सुचायला लागलं. रिकाम्या पोटी गोळी गेलेली होती. अप्पांच्या वडिलांची साखर अशीच उतरली होती, ते मी याच डोळ्यांनी पाहिलेलं. आधी घाम, मग थरथर, मग वेडंवाकडं बोलणं, आणि एके दुपारी ते उठलेच नाहीत.

मी उदगीरला मठात फोन लावला. स्वामी वयानं थकलेले, पण बुद्धीनं मोकळे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, प्रसंग आहे, मनात नाव घ्या, दूध-फळ घ्या, इकडं आलात की पुढचं बघू. मी फोन अप्पांच्या कानाला लावला. त्यांनी हो स्वामी, हो स्वामी म्हटलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"स्वामींनी माझ्या पिरकृतीकडं बघून सांगितलं. पाणी घेतो. बाकी न्हाई."

"अहो, गुरूपेक्षा तुम्ही मोठे झालात का?"

"वाद घालू नको. मला माझं ठाऊक हाय."

पाणी घेतो म्हणाले म्हणून मी पेल्यात मूठभर साखर विरघळवली. एक घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि पेला खाली ठेवला. त्यानंतर माझ्या हातचं पाणीसुद्धा घेईनात. आगीतून फुफाट्यात पडले मी.

दुपारपर्यंत मळा संपला, क्रेट संपले, ट्रॅक्टरची ट्रॉली झाडून झाली. उरला रांजण. क्रेट उचलताना डबी घडांत पडली असेल, तर ती तुडवणीतून तिथंच गेली असणार. सगळ्यांना ते केव्हाच कळलं होतं, पण कुणी बोलत नव्हतं. शेवटी झाझानंच बादली उचलली. अप्पा आडवे आले. त्यांचं वर्षाचं धन हाय ते, माझ्यापायी नासवायचं न्हाई, असं मला म्हणाले, आणि हे त्यांना नीट समजावून सांग, असंही म्हणाले. मला वाटलं, या माणसाला आता दोन द्याव्यात. तरी मी झाझाला सांगितलं. त्यानं आईला सांगितलं. नानूली माझ्याशी नाही, थेट अप्पांशी बोलली, तिच्या भाषेत, हळू आवाजात. झाझानं मला इंग्रजीत सांगितलं आणि मी अप्पांना मराठीत.

"त्या म्हणतात, रस काढून परत ओतता येतो. पण पाहुणा उपाशी आहे म्हणून त्यांनीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही, आणि त्यांचं वय तुमच्याहून जास्त आहे."

अप्पा बाजूला झाले.

बादल्यांनी रस उपसून प्लास्टिकच्या पिंपांत ओतला. प्रत्येक बादली चाळणीतून. तळघरात आंबूस वास कोंडला होता. तळ दिसायला लागल्यावर झाझा शिडी लावून आत उतरला आणि हातानं चाचपू लागला. एकदा आतून खणकन आवाज आला. सगळे वाकले. माझ्या तोंडून शिव शिव निघून गेलं. झाझानं हात वर केला, त्यात कुणाची तरी द्राक्षं तोडायची कात्री होती.

रांजणात डबी नव्हती. ती कुठं गेली हे आजपर्यंत कळलेलं नाही.

मी तळघरातून वर आले तेव्हा अप्पा अक्रोडाखाली उलट्या क्रेटवर बसलेले. मी काय सांगणार ते माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार, पण त्यांचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. सदरा घामानं भिजलेला, बोटं थरथरत होती. माझ्याकडं बघून म्हणाले, "तूर आली का गं? हमालाला म्हणावं आधी माल उतरवून घे, पाऊस यायलाय."

मी साखरेची चिमूट त्यांच्या ओठाशी नेली. समज हरपत चालली होती, तरी दात गच्च मिटले आणि मान फिरवली. मला भयंकर राग आला. त्यांच्यावर, त्या डबीवर, त्या देशावर, मला घरात बसू न देणाऱ्या त्या तंबूवर. आणि रागाच्या खाली नुसती भीती. मी एकटी विमानात बसलेय आणि शेजारची जागा रिकामी आहे, असं डोळ्यापुढं आलं.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाले असते. मी माझ्या गळ्यातली डबी काढली, उघडली, त्यांचा डावा हात ओढून उताणा केला आणि माझं लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं. बोटं आपोआप मिटली. मी त्यांच्या कपाळाला तीन बोटं भस्म ओढलं. त्यांचे ओठ हलायला लागले, नमः शिवाय, नमः शिवाय, आवाज फुटेना तरी. थरथरत्या हातात ते पडू नये म्हणून मी त्यांचा हात खालून धरून ठेवला. भोवती सगळे शेजारी उभे होते. मला मात्र वाटत होतं, आपण या माणसाचा धर्म बुडवतोय आणि शुद्धीवर आला की तो आपलं तोंड बघणार नाही.

त्यांनी मिटलेले डोळे उघडले तेव्हा मी लिंग काढून घेतलं आणि तोंडापुढं द्राक्ष धरलं. त्यांनी तोंड उघडलं. मग दुसरं, तिसरं. नानूलीनं मधाची वाटी आणली, मी रोटी मधात बुडवून भरवत गेले. ते चावत होते आणि मी रडत होते. लाज कसली ती उरलीच नव्हती. थोड्या वेळानं नानूलीही शेजारी बसली आणि त्याच रोटीचा तुकडा मोडून तिनं तोंडात घातला.

हळूहळू घाम निवला. अप्पांनी इकडंतिकडं बघितलं, कपाळाला हात लावला, बोटाला लागलेलं भस्म बघितलं. मग माझ्या मोकळ्या गळ्याकडं आणि माझ्या मुठीकडं. मी शिव्या खायला तयार होते. ते उठून तंबूकडं गेले आणि खुंट्या उपटायला लागले.

तिबिलिसी

निघताना नानूलीनं अप्पांचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. तिकडं तशी रीत आहे. उदगीरच्या मोंढ्यातला माणूस नुसता ताठ उभा राहिला. झाझा म्हणाला, छाटणीच्या वेळी पुन्हा शोधतो. रस तोवर परत रांजणात गेला होता.

तिबिलिसीत अप्पांनी आपणहून खोली घेतली. गरम पाणी होतं, गादी होती, सगळं मला हवं होतं तसं, आणि माझ्या जिवाला चैन नव्हतं. अप्पा कामापुरतं बोलत. पासपोर्ट कुठं, गाडी कुठं परत करायची, एवढंच. मला वाटायचं, ओरडावं, काय म्हणायचं ते एकदा म्हणून टाकावं. शाळेत मी पन्नास पोरं एका नजरेत गप्प करायची, पण या एका माणसाच्या गप्प बसण्यापुढं माझी मात्रा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते पलंगाच्या कडेला बसले. खरी परीक्षा होती ती आत्ता. काल त्यांना समज नव्हती, आज होती. आज नको म्हणाले, तर उदगीरपर्यंत पुन्हा उपास. मी माझी पूजा आवरली, लिंग पुसून त्यांच्यासमोरच्या धुतल्या रुमालावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. खाली ट्रामचे जुने रूळ होते, समोर लाकडी सज्जे, कुणी बाई सतरंजी झटकत होती. मी तेच बघत राहिले, कारण मागं वळायची छाती नव्हती. बऱ्याच वेळानं मागून मंत्राची कुजबुज आली, नेहमीची, संथ. नंतर न्याहारीला त्यांनी दोन खाचापुऱ्या संपवल्या. चीज घातलेली ती रोटी त्यांना एरवी आवडत नाही. पण बोलले नाहीत ते नाहीतच.

हैदराबादला उतरल्यावर विमानतळाच्या बाकावर पुन्हा तसंच. मी डबी उघडून दिली, त्यांनी हात पुढं केला, पूजा झाली, डबी परत दिली. शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, तीर्थयात्रेहून येताय का. मी हो म्हटलं, दुसरं काय सांगणार.

उदगीर

बिदरवरून गाडीनं घरी आलो. कुलूपसुद्धा न काढता अप्पांनी बॅगा ओट्यावर टाकल्या आणि मठाचा रस्ता धरला. मी मागोमाग. स्वामींसमोर हे काय सांगतील, ते मला अजून कळलेलं नव्हतं. हिनं माझा नेम मोडला, असं म्हणाले तर तेही खरंच होतं.

स्वामी ओसरीवर खांबाला टेकून बसलेले. अप्पांनी साष्टांग घातला आणि सगळं सांगितलं. दोरा तुटला, गाठ माझी चुकली, डबी गेली, त्या लोकांनी माझ्यापायी रांजण उपसला. आपल्याला भोवळ आली इथवर ते न अडखळता बोलले. तिथं थांबले.

स्वामींनी विचारलं, "मग इतके दिवस अन्न कसं घेतलं?"

"पूजा करून घेतलं."

"लिंग तर हरवलं होतं."

अप्पांनी माझ्याकडं बोट दाखवलं. स्वामींच्या कपाळाला आठी पडली. फोनवर त्यांनी सवलत दिली होती ती दूध-फळाची, ही नव्हे. ते सावकाश म्हणाले, "अप्पा, तुम्ही जाणते. दुसऱ्याच्या लिंगावर पूजा चालत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का?"

मी खाली बघितलं. फरशीवर भस्माचा पांढरा ठिपका पडला होता, त्याच्यावर नजर ठेवून बसले.

"दुसऱ्याच्या न्हाई केली स्वामी," अप्पा म्हणाले. "हिच्या केली."

स्वामींच्या कपाळावरची आठी गेली. मग त्यांनी आतून नवं लिंग आणायला सांगितलं, आणि मला म्हणाले, बाई, दीक्षेला तुम्हीही यांच्या शेजारी बसा. डोळे भरून आले होते, पुढचं काही दिसत नव्हतं. अप्पांनीच हात धरून बसवलं.